साठेबाजाच्या पोटातला अध्यक्ष

माझ्या हातून कागद हरवत नाही. याला कुणी गर्व म्हणो, कुणी आणखी काही म्हणो! नागपूरच्या एका कॉलेजात मी ग्रंथालयाचा कारकून आहे. माझ्या कारकिर्दीत पुस्तकं वाळवीनं खाल्ली, उंदरांनी खाल्ली, दोन तर एका प्राध्यापकांच्या म्हशीनं खाल्ली. पण कुठलं पुस्तक कुणी खाल्लं, याची नोंद माझ्याकडे तारखेसकट आहे.

म्हणूनच लढाई सुरू झाली त्या साली, पोळ्याच्या आठ दिवस आधी, इतिहासाचे प्रोफेसर मनोहरराव दोन पेट्या घेऊन माझ्याकडे आले. दुसऱ्या कुणाकडे जाणार?

पेट्यांत अमेरिकेच्या एका जुन्या अध्यक्षाच्या कारकिर्दीचं दप्तर होतं. म्हणजे त्याच्या टंकित नकला. एका पेटीत देशातला कारभार, दुसरीत परराष्ट्रांशी झालेला पत्रव्यवहार. तिकडच्या दप्तरखान्याशी तीन वर्षं पत्रं लिहून लिहून साहेबांनी त्या मिळवल्या होत्या. तो अध्यक्ष मरून साठ-सत्तर वर्षं झाली होती, पण साहेब त्याला 'आपला अध्यक्ष' म्हणत, जसा काही तो साहेबांच्या शेजारी धंतोलीतच राहायला होता.

"वामनराव, याची यादी करायची. पुढच्या गुरुवारी माझं व्याख्यान आहे आणि प्राचार्य स्वतः हजर राहणार आहेत. यादी चांगली झाली, तर तुम्हाला कायम करण्याचा विषय मी त्याच दिवशी काढतो."

कायम! सहा वर्षं मी टेंपरवारी होतो. त्यासाठी एकोणीस अर्ज केले होते. माझे डोळे भरून आले, हे कबूल करतो.

"झालीच समजा, साहेब!"

"एक पान इकडचं तिकडं होता कामा नये. जहाजं बुडायला लागली आहेत. दुसरी प्रत आता येणं नाही."

"साहेब, आपला अध्यक्ष स्वतःच्या घरी नव्हता इतका माझ्या घरी सुरक्षित राहील!"

पेट्या टांग्यात घालून मी मस्कासाथेतल्या घरी आणल्या आणि कामाला बसलो. देशातला कारभार वाचताना मला फार आपलेपणा वाटला. जो तो अध्यक्षाकडे पोस्टमास्तरची जागा मागत होता. एकानं सतरा अर्ज केले होते. मी मनात म्हटलं, अजून दोन कर बाबा, मग बोल. परराष्ट्राच्या पेटीत मात्र भांडणं होती. मासे कुणी धरायचे, कुंपण कुठं घालायचं, तुझं गलबत माझ्या बंदरात काय करतंय. एका चाळीत राहणारे भाडेकरू आणि मोठमोठे देश यांत फरक इतकाच, की देश शेवटी 'आपला आज्ञाधारक सेवक' म्हणून सही करतात.

पोळ्याच्या दिवशी दुपारी यादी पुरी झाली. एकशे बारा पानं! आता दप्तर बांधायचं राहिलं.

इथं माझ्या वडिलांची ओळख करून दिली पाहिजे. बापूजी तीस वर्षं कचेरीच्या दप्तरखान्यात दफ्तरी होते. त्यांचा तिथला नियम एकच. ठेवायचे कागद लाल कपड्यात बांधायचे, फाडायचे कागद पांढऱ्या कपड्यात. आत काय लिहिलंय ते दफ्तरी बघत नाही, कपडा बघतो. पेन्शनीत गेल्यावर त्यांनी हा नियम घरात लावला आणि मला तो बाळकडूसारखा पाजला. आमच्याकडे किराण्याच्या याद्यासुद्धा लाल किंवा पांढऱ्यात असतात.

मी लाल कपड्याचे दोन तुकडे आणून ठेवले होते. पाहतो तर एकच!

"अवं, दुसरा लाल कपडा कुठं गेला वं?"

"बैलाची झूल शिवली त्याची," गोपिका, म्हणजे माझी बायको, चुलीपाशी बसून करंज्या तळत होती. "लाकडाचा असला तरी वर्षातून एकदा नटते तो. तुमच्या अध्यक्षाले काय, कोनताबी कपडा चालते!"

मग मी देशातला कारभार लालमध्ये बांधला आणि परराष्ट्रांना माझ्या जुन्या पांढऱ्या धोतरात. एका रात्रीचा तर प्रश्न! बापूजींना मात्र सांगायचं राहून गेलं.

आता बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत, म्हणजे गावाची पिडा घेऊन जाणारी मोठी बाहुली, निघते. तिच्याबरोबर बडगे निघतात. त्या साली गावाला ज्याचा राग आला असेल, त्याचा मोठा बाहुला म्हणजे बडग्या. तो गल्ल्यागल्ल्यांतून मिरवायचा, 'इडा, पिडा, खोकला, खरूज घेऊन जा गे मारबत!' असं ओरडायचं, आणि गावाबाहेर नेऊन जाळायचा. त्या साली लढाईची बातमी येताच साखर आणि घासलेट दुकानांतून गुप्त झालं होतं. तेव्हा आमच्या गल्लीनं साठेबाजाचा बडग्या करायचं ठरवलं. साठेबाज म्हटला की पोट आलं, आणि पोट म्हटलं की ते भरायला रद्दी आली!

मारबतीच्या दिवशी सकाळी आंघोळ करून मी प्रोफेसरसाहेबांकडे धंतोलीला गेलो. काम आठ दिवसांत पुरं झालं हे सांगायला. खरं तर ऐकून घ्यायला. साहेब खूष झाले.

"शाब्बास! मला आत्ताच बघायचंय. चला, तुमच्याकडेच येतो."

घरी आलो. साहेबांना खुर्ची दिली. गोपिकेनं करंज्या पुढं केल्या. मी ऐटीत कोनाड्याकडे वळलो. लाल गाठोडं होतं. पांढरं नव्हतं.

"बापूजी, इथं पांढऱ्या कपड्यात कागद होते!"

"होते न. देल्ले."

"कोनाले?"

"रुपरावाले. बडग्याचं पोट भराले रद्दी मांगाले आला होता. म्या पाह्यलं, कपडा पांढरा. देऊन टाकला. धोतर वापस घेतलं गा, ते चांगलं होतं."

आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातून कागद हरवला होता, आणि तोही एका देशाचा सगळ्या जगाशी झालेला पत्रव्यवहार!

"काय झालं, वामनराव?" साहेबांनी विचारलं.

"काही नाही, साहेब. आपण देशातला कारभार पाहा तोवर. परराष्ट्र जरा शेजारी गेलंय. आणतो!"

गल्ली ओलांडून धावत सुटलो. मिरवणूक निघालेली होती. ढोल, गुलाल, माणसांवर माणसं! मधोमध बंडीवर साठेबाज उभा. दोन पुरुष उंच, काळ्या मिशा, डोक्यावर खरी पगडी, आणि पोट असं की गोदाम बरं. रुपराव बंडीपुढं नाचत होता. हा आमच्या गल्लीतला दुकानांच्या पाट्या रंगवणारा, आणि बडग्याचा दरवर्षीचा कर्ता.

"रुपराव, बंडी थांबवा! पोटातले कागद काढाचे आहेत!"

"काहून?"

"ते माह्ये नाहीत. अमेरिकेच्या अध्यक्षाचे आहेत!"

"मंग काय्ले घाबरता? थो कुठं येऊन राहिला मांगाले!" रुपराव हसला. "लय चांगला कागद हाये गा. अकरा पानं तोंडाले खळ लावून चिकटवली. गाल पाहा कसे गरगरीत आले!"

मी गालांकडे पाहिलं. रंगाखालून टंकलेखनाच्या ओळी दिसत होत्या. माझा हात आपोआप पोटाच्या शिवणीकडे गेला. तेवढ्यात मागून कुणीतरी माझा सदरा ओढला. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या रंभाबाई!

"हात नको लावू बाप्पा! निघालेल्या बडग्यातून कोनी काही काहाडत नाही. माह्या सुनेचा खोकला टाकला म्या त्यात. तू कागद काहाडशीन त खोकला तुह्या घरी येईन!"

"अन माही खरूज!" गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

"अन आमच्याकडचा हिवताप!"

पाहता पाहता मस्कासाथेतली सगळी रोगराई त्या पत्रव्यवहाराशी जोडली गेली. मी हात जोडले. माझं सहा वर्षांचं सगळं सांगितलं. टेंपरवारी, अर्ज, यादी, गुरुवार. ढोलवाल्यानंसुद्धा ढोल थांबवला.

नेमके त्याच शांततेत प्रोफेसरसाहेब येऊन पोचले. मागे बापूजी. परराष्ट्र कुठल्या शेजाऱ्याकडे गेलंय, ते त्यांनी साहेबांना सरळ सांगून टाकलं होतं. साहेबांनी वर पाहिलं. साठेबाजानं खाली पाहिलं.

"तीन वर्षं," साहेब एवढंच म्हणाले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

रुपरावाला दया आली. "काहाडू द्याले माही ना नाही. पन मास्तरसाहेब, रिकाम्या पोटाचा साठेबाज कसा जाळू? लोकं म्हनतीन, बिचारा उपाशी मेला! जेवढं वजन काहाडलं तेवढं भरा."

"अन खोकला?" रंभाबाई हटेनात.

बापूजी पुढं झाले. तीस वर्षांचा दफ्तरी अशा वेळी कामी येतो. "पिडा लागते बाहुल्याले, कागदाले नाही. तरी संशय असला त कागद बडग्यावर तीन डाव झटकून घ्या. जे असंन ते खाली पडंन."

हे सगळ्यांना पटलं. मी बापूजींना घरी पिटाळलं. "जेवढे जुने कागद असतील तेवढे आणा. लवकर!" इकडे रुपरावानं पोट उसवलं. मी गठ्ठे काढायचे, साहेबांनी ते साठेबाजाच्या डोक्यावर धरून तीनदा झटकायचे आणि रंभाबाईंनी मोजायचे. "दोन झाले. अजून येक डाव, साहेब. जोरानं!" साहेबांच्या टोपीवर गुलाल, मिशीत बडग्यातलं भाताचं तणस. मासेमारीचा तंटा झटकला, सरहद्दीचा झटकला, कुठल्याशा राजाला मुलगा झाल्याबद्दलचं अभिनंदनही झटकलं. तोंडावरची दहा पानं साहेबांनी स्वतः पाणी लावून सोडवली. अकरावं गालावरून काही केल्या सुटेना.

"राहू द्या," साहेब जवळ जाऊन वाचत म्हणाले. "हा तह अमेरिकेच्याच सभेनं नाकारला होता."

बापूजी परत आले ते घामाघूम. खांद्यावर लाल कपड्यातलं भलंमोठं गाठोडं. मी पाहताच ओळखलं. ते माझं स्वतःचं दप्तर होतं! माझ्या एकोणीस अर्जांच्या नकला, त्यांना आलेली नकारघंटा, तीन हेडमास्तरांची शिफारसपत्रं, आणि मधे कुठंतरी मॅट्रिकचं प्रमाणपत्र.

"बापूजी, हे लाल आहे न!"

"मालूम हाये मले. पन घरात दुसरा कागदच नाही. पांढरं होतं ते सकाळीच देल्लं."

मी गाठ सोडायला गेलो. बापूजींची गाठ! ती सोडायला बापूजीच लागतात, आणि त्यांना चष्मा लागतो, आणि चष्मा घरी राहिला होता. मागून दुसऱ्या गल्लीचा बडग्या येऊन ठेपला. "चला, चला!" असा गिल्ला झाला. रुपराव म्हणाला, "वामनराव, भरता का जाऊ?"

मी साहेबांकडे पाहिलं. अध्यक्षाला त्यांनी उराशी धरलं होतं. मला वाटलं, जाऊ दे! गुरुवारी आपण कायम होणार. कायम माणसाला अर्ज कशाला आणि प्रमाणपत्र कशाला? दोन्ही हातांनी गाठोडं उचललं आणि साठेबाजाच्या पोटात कोंबलं. पोट पहिल्यापेक्षा चांगलं दिसायला लागलं.

नाईक तलावाजवळ तो जळाला तेव्हा मी सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होतो. "घेऊन जा गे मारबत!"

गुरुवारी व्याख्यान झालं. काही पानांना खळीचा वास होता, पण साहेब फार सुंदर बोलले. माझी यादी हातोहात फिरली. प्राचार्यांनी मला खोलीत बोलावलं. साहेबही होते.

"वामनराव, तुम्हाला कायम करायचं ठरलंय."

मी वाकून नमस्कार केला.

"फक्त मॅट्रिकचं मूळ प्रमाणपत्र तेवढं आणून द्या."

साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. मी सगळी हकीकत सांगितली. प्राचार्य मद्रासकडचे. मारबत समजावून सांगण्यातच अर्धा तास गेला. नक्कल मागवावी म्हणून बोर्डाला लिहिलं, तर तिकडून उत्तर आलं की मूळ प्रमाणपत्राचा क्रमांक कळवा. तो मूळ प्रमाणपत्रावर होता! शेवटी प्राचार्य म्हणाले, प्रमाणपत्र प्रत्यक्ष पाहिलेल्या एखाद्या त्रयस्थाचा लेखी जबाब आणा. वडील चालणार नाहीत, बायको चालणार नाही.

मी गल्लीत विचारत फिरलो. अशी एकच व्यक्ती निघाली. बडग्या जळताना काठीनं कागद वरखाली करणारा रुपराव. त्यानं आनंदानं जबाब दिला आणि पाटीवर रंगवतो तशा टपोऱ्या अक्षरांत स्वतः लिहून काढला. "वामनरावाचं गाठोडं उकललं तवा मॅट्रिकचं सर्टिफिकेट म्या माह्या डोळ्यानं पाह्यलं. शिक्का मोठा होता. कागद येक नंबर. नाव वाचाच्या आधीच पेटला."

प्राचार्यांनी तो जबाब दोनदा वाचला आणि खाली शेरा मारला. "कोणीतरी मॅट्रिक झाले होते, एवढे सिद्ध होते. कोण, ते कारकुनाने कळवावे."