स्थावर बर्फ

हिमनदी खात्याचे मोठे साहेब तसे सरळ मनाचे. डोंगरावर ते कधी गेले नव्हते, कारण थंडी त्यांना बाधायची. पण ऑफिसच्या खिडकीतून हिमनदी दिसायची आणि तिची नोंद 'स्थावर मालमत्ता' अशी होती. म्हणजे ती कुठे जायचा प्रश्नच नव्हता.

एका सकाळी खिडकीतून नुसताच खडक दिसला.

"मागे सरकलीय साहेब," हेडक्लार्क म्हणाला.

"स्थावर आहे ती. सरकेल कशी?"

हेडक्लार्कनं डोकं खाजवलं. "मग जंगम करून टाकू. जंगम माल हरवला तर आपण फक्त शोधायचा असतो."

साहेबांचा जीव भांड्यात पडला. हिमनदी त्या दिवसापासून कपाटं-खुर्च्यांच्या पंगतीत जाऊन बसली. वितळलेल्या बर्फानं नदी दुथडी भरली, म्हणून शहरानं खात्याचा सत्कार केला, पोहायचे तलाव बांधले. पुढच्या उन्हाळ्यात नळ नुसतेच सूं सूं करायला लागले, तेव्हा सत्कार करणारेच बादल्या घेऊन दारात आले.

तेवढ्यात साहेबांच्या समुद्रकाठी राहणाऱ्या ताईचा फोन.

"अरे बाळ्या, स्वयंपाकघरात पाणी आलंय. ओट्याखाली मासा फिरतोय."

"भरती असेल ताई."

"भरती परत जाते रे. हे तर पाय पसरून बसलंय. जगभरचा बर्फ वितळून खाली आमच्याकडे उतरलाय म्हणतात. तुझंच खातं ना ते? हे घर गेलं तर मी जाऊ कुठे?"

हेडक्लार्कचे डोळे चमकले. "साहेब, माल सापडला."

शेवटी नियम तो नियम. सरकारी माल बेकायदा घरात ठेवल्याबद्दल साहेबांनी सख्ख्या बहिणीला नोटीस धाडली: माल मूळ स्वरूपात, म्हणजे गोठवून, परत करावा, नाहीतर घर सोडावं. मग काठावरच्या सगळ्या देशांना तशाच नोटिसा गेल्या. लोकांनी घाबरून मोठमोठे फ्रीज आणले. फ्रीज आतून गार, पाठीमागून गरम. त्या उकाड्यानं डोंगरावर उरलासुरला बर्फही जंगम झाला.

ताईनं फ्रीज घेतला नाही. ती ट्रंक घेऊन साहेबांच्या दारात उभी राहिली. मागे तिची अख्खी गल्ली.

"ताई, अगं एवढी माणसं?"

"पाणी गोठेना, मग घर सोडलं. नोटीस तुझीच."

"पण माझ्याकडे दोनच खोल्या."

"तुझ्याकडे मी एकटी राहीन रे. बाकीच्यांना आम्ही उंचावरची घरं बघतोय."

तेव्हापासून ती माणसं एकेक दार वाजवत वर येताहेत. तुम्ही कितव्या मजल्यावर राहता?