सुधाकरचे बेचाळीस दाते

आमचा सुधाकर माणसाच्या तोंडाकडे आधी पाहत नाही. त्याच्या सायकलीच्या मागच्या चाकाकडे पाहतो. नागपुरात महाल भागात एका तेरवीला गेलो होतो. सगळे मान खाली घालून बसलेले, आणि हा गेलेल्या काकांच्या मुलाला हळूच विचारतो, "अंगणातली सायकल काकांचीच ना? मोठ्या चक्रीले दाते किती गा?" मुलगा बिचारा डोळे पुसत उठला, मोजून आला. अठ्ठावीस. "कमीच आहे," सुधाकर म्हणाला, आणि त्या घरात त्याच्याइतका दुःखी चेहरा त्या दिवशी दुसरा नव्हता.

बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यात फिटर म्हणून जन्म काढलेल्या या गृहस्थाला चिखलदऱ्याचा घाट सायकलीनं चढायचा होता. त्यासाठी मागे बेचाळीस दात्यांची चक्री हवी (दाते जास्त, तितका चढ हलका), आणि एवढी थोरली चक्री पेलणारा डिरेलर हवा. डिरेलर म्हणजे चेन एका चक्रीवरून दुसरीवर ढकलणारा, मागच्या चाकापाशी लोंबणारा हात. तो निवडण्यात सुधाकरनं आठ महिने घातले. मुलीसाठी स्थळं पाहतानाही त्यानं इतक्या खोडी काढल्या नव्हत्या. एकाचा हात आखूड, चेन ढिली पडते. दुसऱ्याचं हँडलवरच्या गिअरच्या खटक्याशी जमत नाही. आमच्या नागपुरात चढ म्हणजे उड्डाणपूल, असं म्हटलं की त्याचं ठरलेलं उत्तर: "दाते मोज, मंग बोल."

माझं दुखणं मात्र निराळं होतं. वीस वर्षं दर रविवारी आम्ही दोघं रामटेक रस्त्याला जात होतो. त्यात गांधीबागेतला कापडाचा व्यापारी मनीष घुसला. वय पस्तीस, पोट नाही, सायकल एका बोटावर उचलावी अशी. सुधाकर तिच्या मागच्या चाकासमोर उकिडवा बसून दर्शन घ्यायचा. माझ्या सायकलीसमोर तो असा कधी बसला नव्हता. तिसऱ्या रविवारी मी जाहीर केलं: डावा गुडघा गेला, आता आपल्याच्यानं होत नाही. गुडघा ठणठणीत होता. जळत होतं ते बरंच वर.

वाटलं, सुधाकर चार दिवस तरी हळहळेल. तर हा भेटला की विचारायचा, "वजन किती झालं गा तुहं?" मनीषशी तुलना चाललीय असं समजून मी दहा किलो कमी सांगायचो. एकदा "पुसून देतो" म्हणून माझी सायकलच घेऊन गेला.

परवा त्याचा निरोप आला, डिरेलर बसवला, पाहायला ये. गेलो. अंगणात माझी सायकल उलटी उभी. बेचाळीस दाते तिला, नवा डिरेलर तिला. त्याच्या सायकलीवर जुनाच.

"अन् तुले?"

"मी जुन्यावर चढतो. तुह्यासाठीच तर इतके दिवस हिशेब करून राहिलो. वजनात दहा किलो वाढवून धरले, तू खोटं सांगतं म्हणून."

"मनीषले काहून नाही नेत?"

तो हातानं पेडल फिरवत राहिला. चेन अलगद मोठ्या चक्रीवर चढली.

"पोरगं चांगलं आहे. पण लय भरभर जाते. एवढ्या घाटात मी बोलू कोनाशी?"

चहा घेतला आणि निघताना, रीत म्हणून, जरासा लंगडलो.

मागून आवाज आला, "डावा होता गा."