मागच्या खोलीतलं टेबल

“लेक यायच्या आत मागची खोली रिकामी! एकही खोका नजरेला पडला तर नाव बदलीन!”

घड्याळवाल्यांनी सकाळच्या चहाला ही घोषणा केली. बायको नुसती “हं” म्हणाली. इतक्या वर्षांच्या संसारानंतर त्या एका “हं”मध्ये काय काय मावतं, ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

घड्याळवाले म्हणजे कोपऱ्यावरच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानाचे मालक. हात असा हलका की केसाएवढी स्प्रिंग चिमट्याने उचलून जागेवर बसवतील. पण रिकामा खोका उचलून घराबाहेर ठेवायचा म्हटलं की तोच हात आखडायचा! इस्त्री जळली, भंगारात गेली, तिचं तोंडही कुणाला आठवत नव्हतं, पण तिचा खोका मागच्या खोलीत ताठ मानेने उभा होता. मिक्सरचा होता, पंख्याचा होता, बुटांचे तर विचारूच नका. “अगं, वस्तू परत करायची वेळ आली तर?” हे त्यांचं ठरलेलं उत्तर. जळलेली इस्त्री कोण परत घेणार, असं विचारलं की ते चष्मा पुसायला लागायचे. तुमच्या घरात असा माणूस नाही म्हणता? मग तो बहुतेक तुम्हीच असाल!

पण या खेपेला प्रकरण गंभीर होतं. लेक बाळंतपणानंतर पहिल्यांदाच महिनाभर राहायला येणार होती. तिची तान्ही म्हणे एवढ्याशा आवाजाने दचकून उठायची आणि मग घर डोक्यावर घ्यायची. लेकीला कित्येक आठवडे धड झोप नव्हती. फोनवर बोलता बोलताच ती पेंगायची. लेकीने एकच अट घातली होती. “आई, मला शांत खोली हवी. गेल्या वेळी झोपेत माझ्या अंगावर पंख्याचा खोका पडला होता. तसंच असेल तर मी आल्या पावली परत जाईन.”

“ऐकलंत?” बायको म्हणाली. “माझी पोर परत गेली ना, तर मी तिच्याबरोबर जाईन!”

म्हणून घड्याळवाले खरोखर कामाला लागले. बायको दवाखान्यात कामाला गेल्यावर त्यांनी दार लावून घेतलं आणि बुटाचा खोका हातात घेतला. टाकायचा? छे! काय पुठ्ठा होता, काय झाकण होतं! तेवढ्यात त्यांना जी युक्ती सुचली, तिच्यावर ते स्वतःच खूश झाले. बुटाचा खोका इस्त्रीच्या खोक्यात घातला. इस्त्रीचा मिक्सरच्या खोक्यात. मिक्सरचा पंख्याच्या. पंख्याचा टीव्हीच्या! फटी राहिल्या तिथे थर्माकोल कोंबला, म्हणजे आतून खडखड नको. संध्याकाळपर्यंत अख्खी खोली चार मोठ्या खोक्यांच्या पोटात गडप झाली. ते चार त्यांनी भिंतीतल्या कपाटाशेजारी ओळीने मांडले, वर फळी टाकली आणि जमिनीला टेकेल अशी चादर पांघरली.

बायको आली आणि दारातच थबकली. “अगंबाई! खोली केवढी मोठी आहे ही! आणि हे टेबल कुठलं?”

“आणलं,” घड्याळवाले म्हणाले. कुठून, ते सांगितलं नाही.

बायकोचे डोळे भरून आले. “अहो, तुम्ही माझ्यासाठी खोके टाकलेत!” तिने टेबलावर दुपटी, लंगोट, पावडर अशी मांडामांड केली. घड्याळवाल्यांना जरा टोचलं. पण टोचणी काय, रात्रीच्या झोपेत विरघळते!

दुसऱ्या दिवशी दुपारी लेक आली. डोळ्यांखाली काळं, केस कसेबसे बांधलेले, आणि कडेवर ठणाणा करणारी नात. खोली बघून लेकीने आईच्या खांद्यावर डोकंच टेकलं. मग आजीने नातीला फिरवलं, आजोबांनी फिरवलं, आईने थोपटलं, तेव्हा कुठे बाईसाहेब झोपल्या. लेकही तिच्याशेजारी आडवी झाली. नवराबायको चवड्यांवर चालत दाराकडे निघाले.

टर्रर्रर्र!

सगळे जागच्या जागी गोठले. आवाज दबलेला होता, पण खोलीतलाच होता. बाळाची मूठ हलली. आवाज बंद झाला.

“तुमचं घड्याळ!” बायको कुजबुजली.

खरं होतं. एका गिऱ्हाइकाचं गजराचं घड्याळ ते घरी घेऊन आले होते. त्याचा रोग असा की मनात येईल तेव्हा वाजायचं, आपणहून गप्प व्हायचं आणि जरा वेळाने पुन्हा वाजायचं. रोग नीट कळावा म्हणून ते नजरेसमोर ठेवायचं होतं. कुठे ठेवलं होतं, तेवढं आठवत नव्हतं.

“टेबलातून येतोय आवाज,” बायको म्हणाली. “टेबलातून कसा येईल हो?”

घड्याळवाले चष्मा पुसायला लागले. तिने चादर वर केली. टीव्हीच्या खोक्यावरची अक्षरं तिच्याकडे बघून जणू हसली!

“अगं, ऐक...”

“नंतर ऐकते! आधी ते घड्याळ काढा. पोर उठली तर बघा!”

मग सुरू झालं कुजबुजत्या आवाजातलं उत्खनन. टीव्हीच्या खोक्यातून पंख्याचा निघाला, पंख्याच्यातून मिक्सरचा, मिक्सरच्यातून इस्त्रीचा. थर्माकोल बाहेर ओढताना असा किंचाळायचा की घड्याळवाल्यांच्या दातांतून कळ जायची. पुठ्ठे कुरकुरत होते, चिकटपट्ट्या चर्रकन सुटत होत्या.

“हळू!”

“हळूच करतोय!”

“याला हळू म्हणतात? आणि हा इस्त्रीचा? हा टाकलात ना तुम्ही?”

एक रिकामा झाला की दुसरा. जमिनीवर पाय ठेवायला जागा उरली नाही. लेक पलंगावर उठून बसली होती. तिची नजर आपल्या बॅगेकडे गेली. शेवटचा बुटाचा खोका उघडला. त्यात बूट पुसायचं फडकं होतं. घड्याळ नव्हतं!

टर्रर्रर्र!

या वेळी सगळ्यांनी ऐकलं. आवाज भिंतीतल्या कपाटातून येत होता.

आणि काय सांगू! बायको टुणकन उडी मारून कपाटाला पाठ लावून उभी राहिली.

“इथे काही नाही,” ती म्हणाली.

“वाजतंय ना गं!”

“चादरी आहेत नुसत्या.”

“चादरी वाजतात?”

त्यांनी तिच्या बगलेखालून हात घालून कडी ओढली. दोन चादरी पुढे सरकल्या आणि त्यांच्यामागून डब्यांची दरड कोसळली! आइस्क्रीमचे डबे, कॉफीच्या बरण्या, गोळ्यांच्या बाटल्या, आणि झाकणं तर अशी की त्यांचे डबे केव्हाच परलोकी गेले असावेत! खडखड खडखड करत सगळे पलंगापर्यंत घरंगळले. सर्वांत मोठा डबा घड्याळवाल्यांच्या पायाशी थांबला आणि तिथेच वाजायला लागला.

“लेक येणार म्हणून बाहेरच्या खोलीतल्या टेबलावरचा पसारा मीच आवरला होता,” बायको पुटपुटली. “घड्याळ यात ठेवलं असेल.”

“आणि मला म्हणायचीस, खोके टाका!”

“डबे वेगळे! डबे लागतात!”

मग दोघांच्याही एकदम लक्षात आलं आणि त्यांनी डोळे गच्च मिटून घेतले. आता पोर उठणार. आता लेक बॅग भरणार. घड्याळवाल्यांनी चाचपडत डबा उघडून गजर बंद केला. खोलीत अगदी चिडीचूप झालं.

पोर मात्र पाय ताणून ढाराढूर झोपली होती!

घड्याळवाल्यांनी एक डोळा उघडला. बायकोनेही उघडला. दोघांनी श्वास सोडला. आणि त्या सुंदर, गाढ शांततेत नातीने ओठ काढला आणि टाहो फोडला.

“बाबा!” लेक ओरडली. “तो थर्माकोल! पुन्हा घासा!”

“अं?”

“घासा हो!”

त्यांनी पुठ्ठ्यावर थर्माकोल घासला. पोर गप्प. थांबले, की ओठ पुन्हा बाहेर. घासला, की गप्प. आजीने आजमावायला दोन डबे एकमेकांवर आपटले, तर बाळ झोपेत चक्क हसलं!

“इतके दिवस आम्ही घरात चवड्यांवर चालतोय,” लेक म्हणाली. तिला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं. “तिला शांतताच नको होती!” एवढं बोलून तिने उशीवर डोकं टेकलं आणि बोलता बोलताच तिला झोप लागली. तोंड उघडं, हात बाळावर, लहानपणी झोपायची तशीच.

दोघं जमिनीवर समोरासमोर बसली. ते थर्माकोल घासत होते, ती झाकणं वाजवत होती. लेकीच्या चेहऱ्यावरून तिची नजर हलत नव्हती.

“अगं, हात भरून आले,” जरा वेळाने घड्याळवाले म्हणाले. “महिनाभर असंच?”

“थांबू नका! किती दिवसांनी झोपलीय माझी पोर.” बायकोने त्यांच्या हातातल्या झिजलेल्या तुकड्याकडे काळजीने पाहिलं. “पण हा काही महिनाभर पुरायचा नाही. अहो, संध्याकाळी त्या फ्रिजवाल्याकडे जाऊन या. त्याच्याकडचे रिकामे खोके असतील नसतील तेवढे सगळे घेऊन या!”