जादा आढळलेली वायर

नयनाताईंचा जुना हेडफोन दामोदररावांच्या खुर्चीच्या चाकाखाली वायरीसकट चिरडला गेला, तेव्हा दोष खुर्चीचा, चाकाचा की खुर्चीत बसलेल्या इसमाचा, याची चौकशी त्या इसमानेच केली आणि वायरीला दोषी ठरवले. एका सरकारी कारखान्याच्या खरेदी विभागात तेहतीस वर्षे काढलेल्या माणसाची चौकशी दुसऱ्या कुठल्या निष्कर्षाला पोचती, तर तेच नवल ठरले असते.

“नवा घेऊ,” ते म्हणाले. “पण रीतसर.”

“रीतसर म्हणजे किती दिवस?” नयनाताईंनी विचारले. प्रश्न रास्त होता. बंगळुरातल्या येलहंक्याच्या मराठी मंडळाचा रौप्यमहोत्सव पुढच्या रविवारी संध्याकाळी होता आणि तिथे त्यांनी स्वतः चाल लावलेला पाळणा ऐकवला जाणार होता. पाळणा तीन आवाजांचा, आणि तिन्ही आवाज त्यांचेच. पहिला आवाज संगणकावर मुद्रित करायचा, तो कानात ऐकत त्यावर दुसरा गायचा, मग तिसरा. चौतीस वर्षे शाळेत दुसऱ्यांच्या चाली शिकवून निवृत्त झालेल्या बाईंनी हे तंत्र दोन वर्षे घासून आत्मसात केले होते. रविवारी दुपारी चारपर्यंत गाणे मंडळाकडे पोचायला हवे होते.

त्याच संध्याकाळी समितीची बैठक झाली. अध्यक्ष दामोदरराव. सदस्य दोन: व्हिडिओ कॉलवर कन्या शलाका आणि खालच्या मजल्यावरचे रघुजी. रघुजींचे पूर्वज तीनेकशे वर्षांपूर्वी इकडे आले आणि इथलेच झाले. ते स्वतः मृदंग वाजवत. नयनाताई ‘उपभोक्ता’ या नात्याने उपस्थित होत्या, म्हणजे चहा करत होत्या.

“निकष पहिला,” अध्यक्षांनी वाचले, “वस्तू दुहेरी उपयोगाची असावी. सकाळी फिरताना व्याख्याने ऐकणे आणि संगीतनिर्मिती.”

“फिरायला कोण जातं?” शलाकेने विचारले.

“मी.”

“मग आईच्या कामात तुमची व्याख्यानं कुठून आली?”

“एकाच खरेदीत दोन गरजा भागणं याला कार्यक्षमता म्हणतात. निकष दुसरा: वायर नसावी.”

“मला वायर चालेल,” नयनाताई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. “जुन्याला होतीच की.”

“तुमचं मत इतिवृत्तात घेतलंय,” दामोदरराव म्हणाले. तेहतीस वर्षांत त्यांनी ज्या मतांची अंत्यक्रिया केली, त्या सगळ्यांना हेच वाक्य म्हटले होते.

“बाबा, मिक्सिंगचं काम असेल तर आईलाच डिसाइड करू दे ना,” शलाका म्हणाली.

“अक्का गाणार, तर अक्काला विचारा की अण्णा,” रघुजींनीही सुचवले. “स्वल्प ऐका त्यांचं.”

ही दोन्ही मतेही इतिवृत्तात गेली. पुढचे चार दिवस दामोदरराव नऊ दुकाने फिरले. प्रत्येक हेडफोन डोक्यावर चढवून त्यांनी व्याख्यान ऐकले, मान हलवली, दुकानात चार फेऱ्या मारल्या आणि गुण दिले. कोणत्याही दुकानात ते गायले नाहीत. तक्त्यात संगीतनिर्मितीचा रकाना होता. त्यात सर्वांना सारखेच गुण देऊन त्यांनी निःपक्षपातीपणा राखला.

शुक्रवारी खरेदी झाली. दुकानातली भव्या घरी मराठी बोलणारी निघाली. तिने डबा हाती दिल्यावर दामोदररावांनी काउंटरवरच मालाची तपासणी केली. हेडफोन एक, पिशवी एक, चार्जिंगची केबल एक. आणि तळाशी नीट गुंडाळलेली एक लांब वायर.

“ही काय?”

“लागली तर लावायची, सर. कंपनीच देते.”

“मी वायर नसलेली वस्तू मागितली होती. मागणीत नाही ती वस्तू मी घरी नेऊ शकत नाही.”

“पण सर, ती तुमचीच आहे.”

“म्हणूनच परत करतोय.”

त्यांनी कागद मागवला. ‘जादा आढळलेली वायर, नग एक, परत. लेखी व सकारण अर्जाशिवाय ही वस्तू कोणासही देऊ नये.’ खाली भव्याची सही घेतली. “सरी, सर,” तिने कानडीत होकार दिला आणि एक प्रत खणात ठेवली. ते घरी आले, ते लढाई जिंकल्यासारखे.

शनिवारी सकाळी नयनाताईंनी पहिला आवाज मुद्रित केला. उत्तम. मग तो कानात घेऊन दुसरा गायल्या. दोन्ही एकत्र लावून ऐकले, तर दुसरा आवाज पहिल्याच्या मागून फरफटत येत होता. पुन्हा गायल्या. पुन्हा तेच. अकराव्या खेपेला दामोदररावांनी निर्णय दिला.

“तू मागे पडतेस.”

“मी? लयीत?”

“वस्तू तपासून घेतलेली आहे.”

 नयनाताई आणखी सहा वेळा गायल्या. मग त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. “साठी झाली,” त्या शांतपणे म्हणाल्या. “लय गेली असेल. मंडळाला कळवते, माझं नाव काढा म्हणून.” त्यांनी चालीची वही मिटून कपाटात ठेवली, शाळेची जुनी हजेरीपत्रके होती त्या कप्प्यात.

दामोदररावांना प्रथमच आपल्या तपासणीचा निष्कर्ष बोचला. बायको भांडली असती तर त्यांनी इतिवृत्त दाखवले असते. ती मान्य करून मोकळी झाली, याला त्यांच्याकडे कलम नव्हते. ते जिना उतरून रघुजींना घेऊन आले.

“अक्का, ते कानावरचं राहू दे,” रघुजी म्हणाले. “गाणं उघडं लावा आणि त्याच्यासंगं गा.”

पहिला आवाज खोलीत मोठ्याने लावला. नयनाताई त्यावर दुसरा गायल्या. रघुजींची बोटे मांडीवर पडत होती. दोन्ही आवाज त्या बोटांवर एकदम उतरत होते.

“लय कुठं गेली? इथंच आहे. पण असं मुद्रण होत नाही, माइकात सगळंच शिरतं. अण्णा, आता तुम्ही चढवा ते. पेटीची एक पट्टी दाबा.”

दामोदररावांनी हेडफोन चढवून संगणकाला जोडलेल्या छोट्या कीबोर्डाची पट्टी दाबली. पुन्हा दाबली. चेहरा उतरला.

“मी आधी दाबतो. आवाज मागाहून येतो.”

“सरकारी आवाज आहे,” रघुजी म्हणाले. “अर्ज पोचला, काम चालू.”

शलाकेला फोन लागला. “अहो बाबा, वायरलेसला तेवढा उशीर होतोच. व्याख्यानात कळत नाही, गाताना कळतो. डब्यात वायर असेल, ती लावा, झालं.”

 मग नयनाताईंनी विचारले, “डब्यात वायर होती?”

“होती,” दामोदरराव म्हणाले. “पावती आहे.”

रविवारी दुकान उघडण्यापूर्वीच ते दारात उभे होते. भव्याने त्यांना ओळखले, खणातला कागद काढला आणि वाचला.

“सर, अर्ज लागेल. लेखी आणि सकारण.”

“अगं, मीच लिहिलंय ते.”

“तेच म्हणते, सर. सही आहे तुमची.”

तेहतीस वर्षांत त्यांनी असंख्य लोकांना ज्या शांतपणे परत पाठवले होते, तोच शांतपणा त्यांना समोर दिसला. ते स्टुलावर बसले. कारण लिहिताना तीन कागद फुकट गेले. चौथ्यावर लिहिले: ‘उपभोक्त्याने वायर चालेल असे प्रारंभीच सांगितले होते. उपभोक्त्याची लय निर्दोष आहे. दोष खाली सही करणाऱ्याचा आहे.’ भव्याने तो वाचला, वायर दिली आणि न मागता एक प्रतही काढून दिली.

दुपारी एक वाजता दुसरा आवाज पहिल्या खेपेतच जमला. तिसरा दुसऱ्या खेपेत. गाणे साडेतीनला मंडळाकडे गेले. सारा वेळ दामोदरराव जमिनीवर मांडी घालून बसले होते. वायर फरशीला लागू नये म्हणून त्यांनी ती दोन्ही हातांवर उचलून धरली होती आणि खुर्ची बाहेर गॅलरीत ठेवली होती.

संध्याकाळी मंडळात निघण्यापूर्वी ते पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले. अर्जाची प्रत फ्रिजच्या दारावर चुंबकाने लावलेली होती. खाली शाळेच्या लाल पेनाने, बाईंच्या वळणदार अक्षरात शेरा होता: ‘मत इतिवृत्तात घेतले आहे.’