रश्शात बुडवलेला फोन

उदयसिंहाला फोनमधले कळते, यावर गल्लीत दोन मते नव्हती. नोकरी पाटबंधारे खात्यात, पण जीव सगळा फोनच्या गुणदोषांत. कोणत्या कंपनीने कॅमेरा कुठे बसवायला हवा होता आणि कुठे बसवून माती खाल्ली, हे तो कंपनीचा मालक समोर बसल्यासारखे सुनावत असे. त्याच्या शब्दावर गल्लीतल्या पाच जणांनी एकच फोन घेतला होता. मॉडेल एक, रंग काळा, आणि कव्हर कुणालाच नाही. "कव्हर घालायचं म्हंजे पैठणीवर रेनकोट घातल्यागत हाय," हेही त्याचेच मत.

घरात मात्र त्याचे काही चालत नव्हते. बायकोला, प्रियदर्शनीला, नवा फोन घ्यायचा होता आणि तिचा भाऊ यशराज पुण्यात बसून दुसरीच कंपनी सुचवत होता. गल्लीने मानायचे आणि घरात मेव्हण्याचे चालायचे, या विचाराने उदयसिंहाला जेवण गोड लागेना. अखेर प्रियदर्शनीनेच तोड काढली. "इलाहीचाचांनी तुमच्या पसंतीचा फोन घेतला, तर मीबी त्योच घेते. न्हायतर यशराज सांगंल त्यो."

इलाहीचाचा गाड्यांच्या सीटा शिवत आणि खिशात बटणांचा जुना फोन बाळगत. त्यांना पटवणे म्हणजे डुंबायला बसलेल्या म्हशीला पाण्याबाहेर काढणे. पण उदयसिंह बिनधास्त होता. रविवारी पन्हाळ्याच्या वाटेवरच्या एका मळ्यात रस्सा मंडळ ठरले होते. मित्रांनी जमायचे, चुलीवर मटण शिजवायचे आणि शेवटच्या ढेकरापर्यंत वाद घालायचा, असा तो कार्यक्रम. मटण नेहमीप्रमाणे चाचांच्या हातचे होते. चाचांना तिथेच गाठायचे, असे त्याने ठरवले.

त्या दिवशी तोच फोन घेतलेल्या पाच जणांतले गणपतरावही आले होते. डॉक्टरांनी त्यांचे मटण बंद केले होते, म्हणून "शाहूवाडीला पावण्यांचं भात बघून येतो" असे घरी सांगून ते आले होते. ताट समोर येताच त्यांनी भरल्या डोळ्यांनी त्याचा फोटो काढला, फोन सतरंजीवर ठेवला आणि नळीच्या हाडाला हात घातला.

"चाचा, आता बटणाचा जमाना गेला," उदयसिंहाने सुरुवात केली. "ह्यो फोन बघा. पुढनं एक बटण न्हाय. नुसती काच! बटण म्हंजे मागासलेपण."

"मला बटणच लागतंय. दाबलं की दाबल्यागत वाटतंय," चाचा रस्सा ढवळत म्हणाले.

"पाण्यात पडला तरी मरत न्हाय ह्यो."

"पाण्यात कोणबी तरंल रे. रश्शात बुडवून दाखीव. जगला तर उद्या घेतो. जबान दिली!"

मंडळ एका सुरात ओरडले. माघार घेईल तो उदयसिंह कसला! त्याने हातातला फोन खाली ठेवून मोठे वाडगे रश्शाने भरले, सतरंजीवरचा फोन उचलला आणि कॅमेऱ्यापर्यंत बुडवला. मग गणपतीची मूर्ती पाण्यातून वर काढावी तसा हळूच वर काढला. फोन चालू होता! उदयसिंहाची छाती अशी फुगली, की शर्टाची बटणे धोक्यात आली.

एवढ्यात काचेवरून रश्शावरच्या तेलाचा लालभडक कट ओघळला, आणि जिथे ओघळला तिथे बोट लागले असे फोनला वाटले. आधी टॉर्च पेटला. मग हिशोबाचे यंत्र उघडले. मग फोनने आपण होऊन 'मालकीण' नावाला व्हिडिओ कॉल लावला.

"मालकीण? माझ्या फोनात मालकीण कुठनं आली?" उदयसिंह चक्रावला.

गणपतरावांच्या हातातली नळी गळून पडली. "आरं, त्यो माझा फोन हाय! बंद कर, बंद कर!"

"करतोय की! तेलकट बोट घेत न्हाय त्यो!"

"बटण दाब," चाचा शांतपणे म्हणाले.

"बटण न्हाय त्याला!"

"आसं व्हय," म्हणत चाचांनी चुलीत लाकूड सारले.

तोवर तानाबाई पडद्यावर आल्या. गच्चीवर सांडगे घालायला जमलेल्या गल्लीतल्या बायकाही त्यांच्यामागून डोकावू लागल्या. तानाबाईंनी नवऱ्याकडे पाहिले, त्याच्या ताटाकडे पाहिले आणि म्हणाल्या, "काय वं, शाहूवाडीत भाताच्या जागी मटण पिकाय लागलं व्हय?"

उदयसिंहाला गणपतरावांची दया आली, पण आपल्या फोनची बाजू सोडवेना. "वहिनी, त्ये जाऊंदे. फोन रश्शात बुडवून काढलाय, तरी चित्र कसं येतंय ते सांगा!"

मागून प्रियदर्शनी पुढे सरसावली. "अहो, जरा बाजूला व्हा. ताट दिसूदे." ती डोळे बारीक करून पाहत राहिली. "तानाक्का, हाडं मोजता यायलीत! तीन नळ्या झाल्यात भाऊजींच्या. ठरलं. मी ह्योच फोन घेणार."

"मीबी," दुसरी म्हणाली. "आमच्यांनाबी असलाच द्यायचा. आपणहून सांगतोय बिचारा."

उदयसिंह जिंकला होता. चाचाही जबानीला जागले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी तो फोन घेतला, बायकोच्या, चाँदबीच्या, हातात दिला आणि आपला बटणांचा पुन्हा खिशात घातला.

त्या संध्याकाळी उदयसिंह पाय पसरून बसला होता. आत प्रियदर्शनी यशराजला सांगत होती, "यांचीच पसंती बरोबर निघाली बघ." हे ऐकून त्याला इतका आनंद झाला, की दुसऱ्यांदा ऐकायला मिळावे म्हणून त्याने उगाच पाणी मागितले.

तेवढ्यात दार वाजले. बाहेर गणपतराव होते, आणि त्यांच्यामागे रस्सा मंडळातले बाकीचे सगळे. सारे मान खाली घालून उभे होते.

"उदयसिंह," गणपतराव आवाज खाली आणून म्हणाले, "तुझ्याबिगर कोण सांगणार? बटणाचा फोन कुठला चांगला रे?"

उदयसिंहाने पाय आवरले, मांडी घातली आणि सगळ्यांना बसायची खूण केली.

"बसा. आधी कुठल्या कंपनीचा घ्यायचा न्हाय, त्ये सांगतो."