गजराबाईंच्या नावावरची पेटी

ज्ञानोबा खराडे रोज सकाळी दोन तास पेटीचा रियाज करत होते आणि पेटी त्यांच्या बायकोला येत होती.

पहिले अडीच महिने ही गोष्ट ज्ञानोबांच्या ध्यानात आली नाही. ज्ञानोबांना एवढंच कळत होतं, की काल घोटलेलं आज सापडत नाही. रात्री झोपताना 'सा' कुठल्या पट्टीवर आहे हे नीट पाहून ठेवायचं, आणि सकाळी उठून पेटीसमोर बसलं की सगळ्या पट्ट्या सारख्या. मग देशिंगकर मास्तरांनी यायचं, पुन्हा बोट धरून 'सा' दाखवायचा, आणि तिथून सुरुवात करायची.

"वय झालं," मास्तर म्हणायचे.

"वयाचा काय संबंध? चौतीस वर्षं रोड रोलर चालवलाय. एक रस्ता वाकडा दावा."

ज्ञानोबांशी बोलून उपयोग नव्हता. चौथीपर्यंत शिकलेला माणूस, पण बांधकाम खात्यातल्या इंजिनियरलाही त्यांनी कधी 'साहेब' म्हटलं नव्हतं.

पेटी त्यांची नव्हती. ती बापू लाडांची. बापूंनी राममंदिराच्या भजनी मंडळात तीस वर्षं ती वाजवली आणि कार्तिकात ते गेले. तेराव्याला मंडळाचे अध्यक्ष भगवान शेटे म्हणाले, की आता खालच्या आळीतल्या एका पोराचा इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड घेऊ, तो बटणावर वाजतो. ज्ञानोबा ताटावरून उठले आणि सगळ्यांसमोर बोलले, "बापूची पेटी रामनवमीला वाजंल. मी वाजवीन. न्हाई वाजवली तर मंडळात परत पाय ठेवायचा न्हाई." बोलून परत जेवायला बसले. पेटी त्यांनी आयुष्यात कधी उघडली नव्हती. मंडळात ते पंचवीस वर्षं टाळ घेऊन बापूंच्या शेजारी बसत, एवढाच त्यांचा आणि पेटीचा संबंध.

दुसऱ्या आठवड्यात ते नगरपरिषदेत गेले आणि रियाजाच्या खिडकीवर उद्दिष्टाचा अर्ज भरला. नोंद न करता केलेला रियाज कोणालाच येत नाही, तो हवेत जातो, हे त्यांना ठाऊक होतं. अर्जावर 'वाद्य' या रकान्यात त्यांनी 'पेटी' लिहिलं आणि 'काय यावे' या रकान्यात 'सगळी' लिहिलं. खिडकीतल्या वाघमोडे बाईंनी अर्ज परत सरकवला.

"आजोबा, 'सगळी' चालत नाही. मोजता येईल असं लिहा. आणि तारीख घाला."

ज्ञानोबांनी 'सगळी' खोडून 'तीन अभंग' लिहिलं. तारीख रामनवमीची. रोज दोन तास. पुरावा म्हणून रेशनकार्डाची झेरॉक्स जोडली, कारण घरातून निघताना कुठल्याही कामाला तीच एक घ्यायची त्यांची सवय होती. बाईंनी शिक्का मारला.

आता रंगपंचमी चार दिवसांवर आली होती. ज्ञानोबा रियाज आटोपून ओसरीवर बसले होते. आत गजराबाई परातीत पीठ मळत होत्या. मळता मळता त्यांचा उजवा हात थांबला आणि बोटं परातीच्या काठावर चालू लागली. आधी सावकाश, मग भरभर.

ज्ञानोबांनी ऐकलं. तो पहिला अभंग होता. त्यांनी सकाळी तीन वेळा चुकवलेला. काठावर तो चुकत नव्हता.

"काय करतीस?"

"भाकरी."

"बोटांनी काय करतीस?"

गजराबाईंनी बोटांकडे पाहिलं. "हे व्हय? हे तुमचं सकाळचं. दुपारपतूर मला येतंय."

"कधीपास्नं?"

"संक्रांतीपास्नं."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"तुम्ही विचारलं न्हाईसा. मला वाटलं, समद्यांच्या घरात असंच हुतंय."

ज्ञानोबांनी पेटी बाहेर आणून ठेवली. गजराबाईंनी पदराला हात पुसले, पेटीला नमस्कार केला आणि जन्मात पहिल्यांदा भाता हातात धरला. पहिला अभंग पूर्ण वाजला. दुसरा वाजला. तिसरा निम्म्यावर आला आणि थांबला.

"फुडं?"

"फुडचं तुम्ही अजून घोटलं न्हाई."

ते खरं होतं. तिसरा अभंग कालपर्यंत निम्माच झाला होता. ज्ञानोबा बराच वेळ आपल्या हातांकडे पाहत बसले. हात तेच होते. मग त्यांनी मास्तरांना बोलावलं. मास्तरांनी गजराबाईंचं ऐकलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"अहो, चांगलं वाजवतात की."

"चांगलंच वाजवती. पर शिकलो मी!"

"मग हे खिडकीवर विचारायला पाहिजे," मास्तर म्हणाले. "माझं काम शिकवायचं. कुणाला येतं ते त्यांच्याकडं."

रंगपंचमीच्या दिवशी, अंगावर रंग पडू नये म्हणून छत्री उघडून, ज्ञानोबा नगरपरिषदेत गेले. वाघमोडे बाईंनी अर्ज शोधून काढला. त्यावर बोट फिरवलं.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "यात चूक काही नाही."

"चूक न्हाई? बोटं माझी दुखत्यात!"

"रियाज तुम्हीच करताय, त्याबद्दल कार्यालयाची तक्रार नाही. पण उद्दिष्ट कुटुंबप्रमुखाच्या नावे चढतं. रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख कोण आहे?"

ज्ञानोबांनी कार्ड उघडून पाहिलं. पहिल्या ओळीत 'गजराबाई ज्ञानोबा खराडे' होतं. त्यांचं नाव दुसऱ्या ओळीत, 'नाते : पती'.

"हे रेशनपुरतं हाय," ते म्हणाले.

"कार्ड एकच असतं, आजोबा. रेशनपुरतं वेगळं आणि पेटीपुरतं वेगळं असं नसतं."

"मग आता नाव बदला."

"तसं होत नाही. आता दोन मार्ग आहेत. तुम्ही रियाज चालू ठेवा. रामनवमीपर्यंत तिसरा अभंग पुरा होईल आणि आजी तिन्ही वाजवतील. उद्दिष्ट शंभर टक्के पूर्ण."

"शबूद मी दिलाय. तिनं न्हाई."

"मग दुसरा मार्ग. विभक्त व्हा. वेगळी चूल, वेगळं कार्ड, त्यावर कुटुंबप्रमुख तुम्ही. नवा अर्ज भरा. आजींना आलेलं आजींकडे राहील. तुमचं शून्यापासून सुरू होईल."

"दिवस किती हाईत?"

बाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "एकोणीस."

ज्ञानोबा घरी आले. छत्री मिटवून कोपऱ्यात ठेवली. गजराबाईंना सगळं सांगितलं. गेल्या सेहेचाळीस वर्षांत त्यांनी बायकोला एवढं मोठं काही एका दमात सांगितलं नव्हतं. गजराबाईंनी ऐकता ऐकता तवा उतरवून ठेवला.

"म्हंजे आपण येगळं व्हायचं," त्या शेवटी म्हणाल्या.

"कागदावर."

"चूल कागदावर मांडणार का?"

गजराबाई उठल्या, परड्यातून तीन दगड आणले आणि अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, चिंचेखाली ठेवले. "घ्या. तुमची चूल. तवा मी देणार न्हाई. माझ्या कार्डावरचा हाय."

ज्ञानोबांनी सुतळी ताणून अंगणाच्या मधोमध चुन्याची रेघ मारली. रेघ अगदी सरळ आली. तेवढं एक काम त्या आठवड्यात त्यांच्या मनासारखं झालं.

तिसऱ्या दिवशी नगरपरिषदेचा शिपाई पाहणीला आला. त्याने रेघ पाहिली, चुलीपाशी उकिडवा बसला आणि राखेत बोट घातलं.

"गरम हाय," तो म्हणाला, आणि वहीत लिहून घेतलं. "काय शिजिवलं हुतं?"

"भाकरी."

"कुठं हाय?"

ज्ञानोबांनी दाखवली. शिपायाने ती हातात घेऊन उलटीसुलटी केली. "ही भाकरीच हाय न्हवं?"

"लिही भाकरी!"

रेघेच्या पलीकडून गजराबाई हसल्या. शिपायाने 'भाकरी' असं लिहिलं, पुढे प्रश्नचिन्ह घातलं आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी कार्ड मिळालं.

नव्या अर्जावर ज्ञानोबांनी परत 'तीन अभंग' लिहिलं. वाघमोडे बाईंनी परत सरकवला. ज्ञानोबांनी 'एक अभंग' लिहिलं. तोही परत आला.

"पंधरा दिवस उरलेत. जे होणार नाही ते उद्दिष्ट मला नोंदवता येत नाही. मास्तरांची चिठ्ठी आणा."

मास्तरांनी चिठ्ठी लिहिली. ज्ञानोबांनी ती उलगडली. चिठ्ठीवर एकच अक्षर होतं. 'सा'.

"एवढंच?"

"भात्यासकट," मास्तर म्हणाले. "एका जागी, न हलता, श्वास न तुटता. पंधरा दिवसांत तेवढं येईल."

"पंचवीस माणसं बसणार हाईत तिथं. एक 'सा' घिऊन जाऊ? हसतील मला."

"लागला नाही तर हसतील. लागला तर पुढचं पाहू."

ज्ञानोबांना त्या दिवशी राग कोणाचा करावा ते कळेना. मास्तरांचा करावा तर मास्तर खरं बोलत होते. बायकोचा करावा तर तिने काही मागितलं नव्हतं. बापूचा करावा तर तो मेला होता. त्यांनी अर्जावर 'सा' लिहिलं. तो शिक्का मारून लगेच घेतला गेला.

आता पेटी चिंचेखाली होती. रोज सकाळी ज्ञानोबा दोन तास एकच पट्टी दाबत. पहिल्या दिवशी पट्टीवर फक्त बोट ठेवायचं, भाता नाही. दुसऱ्या दिवशी फक्त भाता. तिसऱ्या दिवशी दोन्ही, पण एका श्वासाएवढं. मास्तर येऊन बसत आणि मान हलवत.

चौथ्या दिवशी ज्ञानोबा उठले, पेटीसमोर बसले आणि बोट ठेवलं. 'सा' जागच्या जागी होता. त्यांनी बोट उचललं. परत ठेवलं. तिथेच होता. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. सांगायला जवळ कोणी नव्हतं. रेघेच्या पलीकडे गजराबाई तांदूळ निवडत होत्या.

"ए," ते म्हणाले. "गावला."

"ऐकलं," गजराबाई म्हणाल्या. "माझ्या बोटांत आज काय आलं न्हाई. म्हंजे तुमचाच हाय."

रामनवमीला सकाळी दहाला भजन बसलं. मंडळातली पंचवीस माणसं ओळीने बसली होती. मधे बापूंची पेटी. ज्ञानोबा आले, त्यांच्या मागून गजराबाई आल्या. गजराबाई पेटीसमोर बसल्या. ज्ञानोबा त्यांच्या डाव्या हाताला बसले, एक हात भात्यावर ठेवला आणि दुसऱ्या हाताचं बोट खालच्या 'सा'वर.

भगवान शेटे पुढे वाकले. "खराडे, पेटीवर दोघं?"

"कार्डं दोन हाईत," ज्ञानोबा म्हणाले.

"आणि वाजवणार कोण?"

"मी 'सा' वाजवणार. बाकीचं तिला येतं."

"असं कुठं असतं का?"

गजराबाईंनी पहिल्या पट्टीवर बोट ठेवलं. "शेटेभावजी, गाणार हायसा का बसणार हायसा?"

शेटे मागे सरकून बसले. पहिला अभंग झाला. लोक गायले, टाळ वाजले, चूक झाली नाही. दुसरा झाला. ज्ञानोबांचं बोट पांढरं पडलं होतं, पण हललं नव्हतं. तिसरा सुरू झाला आणि निम्म्यावर आला. पुढचं कोणालाच येत नव्हतं. पुढचं त्यांनी घोटलेलंच नव्हतं, आणि नंतर घोटायला गेले असते तरी ते रेघ ओलांडून गजराबाईंकडे गेलं नसतं.

गजराबाईंनी आपल्याला येत होतं तिथपर्यंत वाजवून बोटं उचलली आणि हात मांडीवर ठेवले.

'सा' तेवढा उरला.

गाणारे एक क्षण अडखळले. शेट्यांनी पेटीकडे पाहिलं. ज्ञानोबांनी कोणाकडेच पाहिलं नाही. त्यांनी भाता चालू ठेवला, सावकाश, उताराला रोलर आणावा तसा. मागच्या ओळीतल्या कोणीतरी पुढची ओळ उचलली, मग सगळ्यांनी उचलली. उरलेला निम्मा अभंग त्या एका 'सा'वर गेला आणि शेवटपर्यंत पोचला. बारा वाजता पाळणा हलला आणि सुंठवडा वाटला गेला.

शेट्यांनी मंडळाच्या वहीत 'पेटी' असं लिहिलं आणि थांबले. थोडा विचार केला. मग पुढे 'खराडे (विभक्त)' असं लिहिलं.

संध्याकाळी ज्ञानोबांनी चिंचेखाली चूल पेटवली. पिठलं टाकलं. गजराबाई आपलं ताट घेऊन रेघेपर्यंत आल्या, थांबल्या, आणि रेघ ओलांडून येऊन बसल्या.

"तुझ्या कार्डावर जेवण न्हाई का?"

"हाय. तुमचं बघायचंय."

त्यांनी एक घास खाल्ला. ज्ञानोबा त्यांच्या तोंडाकडे पाहत होते.

"उद्या खिडकीवर जाणार हाय," ते म्हणाले. "नवा अर्ज. 'रे'."

"किती दिवस?"

"मास्तर एकवीस म्हणत्यात."

"बरं," गजराबाई म्हणाल्या. "मीठ कमी हाय. तेबी लिहा."