रायसाहेबांची अक्षत

सलोनीच्या लग्नाची पहिली अक्षत कुणाला द्यायची, यावरून दिनकररावांच्या अलीगंजमधल्या घरात दोन दिवस डोकेफोड चालली होती. साल चौऱ्याण्णव. गावदेव राहिला चिपळूणला आणि लग्न लखनौला. शेवटी देविकाबाईंनीच निकाल लावला. चौकात रायसाहेब गंगासहायांचा संगमरवरी पुतळा होता. ऐंशी वर्षांपूर्वी या माणसानं पदरमोड करून विहीर खणली, वस्तीला पाणी दिलं. मग इथला गावदेव दुसरा कोण असणार?

बायकोपुढे कुणाचं चाललंय? भर दुपारी, चौकात चिटपाखरू नाही असं बघून दिनकररावांनी चौथऱ्यावर पिवळ्या अक्षता नि सुपारी ठेवली आणि रीत म्हणून पुटपुटले, “लग्नाला यायचं बरं का.” पुतळ्याची मान किंचित हलली. उन्हानं डोळे दिपले असतील, असं स्वतःला समजावत ते घरी आले. पण त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

लग्नाच्या सकाळी ते फुलं आणायला निघाले, तर चौथरा रिकामा. ना कुठं तुकडा, ना ओरखडा. अक्षताही नव्हत्या.

दिनकररावांच्या तोंडचं पाणी पळालं, पण सांगणार कुणाला? सांगलीचे व्याही रमाकांतराव आधीच फुरंगटून बसलेले. चहा गार म्हणून रुसले, हार लहान म्हणून रुसले. आता मानपानात एक जरी चूक झाली तर सुनेला न घेताच परत जाऊ, असं त्यांनी सीमांतपूजनातच बजावलं होतं. पोरीचं कसं होणार, या काळजीनं बापाचा जीव टांगणीला लागला होता.

लग्न लागलं, पंगत मांडली. चांदीचं ताट, भोवती रांगोळी, तो पाट रमाकांतरावांचा. त्यावर एक म्हातारा येऊन बसला होता. पांढरी अचकन, पांढरी पगडी, पापण्यासुद्धा पांढऱ्या. ताटाला हात लावत नव्हता आणि डोळ्याची पापणी लववत नव्हता.

“अहो, उठवा त्यांना,” देविकाबाई कुजबुजल्या.

“तू उठव. बोलवायची हौस तुझी.”

पण शेवटी बापच तो. दिनकररावांनी जीव मुठीत धरून म्हाताऱ्याच्या खांद्याला हात लावला. खांदा गार आणि टणक. बोटांना पांढरी भुकटी लागली. तेवढ्यात रमाकांतराव आले, आपला पाट गेलेला पाहून लालबुंद झाले आणि हा कोण म्हणून गरजले. म्हाताऱ्यानं त्यांचा डावा हात धरला, शेजारी बसवलं आणि कानाशी लागून काहीतरी सांगितलं. त्यानंतर जेवण संपेपर्यंत रमाकांतरावांनी मान वर केली नाही. श्रीखंड वाढायचं राहिलं, तरी रुसले नाहीत.

मग म्हातारा उठला, सलोनीच्या डोक्यावर हात ठेवला आणि मांडवाबाहेर गेला. त्याच्या प्रत्येक पावलाला जातं सरकवल्यासारखा आवाज येत होता.

रमाकांतराव डाव्या हाताची बोटं चोळत दिनकररावांपाशी आले. आवाज पार बसला होता.

“तुमच्याकडचे का हो ते?”

“हो. वडीलधारेच म्हणायचे. काय म्हणाले?”

“म्हणाले, ‘बिटिया हमारे मोहल्ले की है. हालचाल पूछने आते रहेंगे.’” रमाकांतरावांनी मांडवाच्या दाराकडे पाहिलं. “लखनौहून सांगलीला थेट गाडी नाही ना?”

दिनकररावांना इतक्या दिवसांत पहिल्यांदाच हायसं वाटलं.

“नाही. पण त्यांना गाडी लागत नाही.”